तंतू, राळ आणि पृष्ठभागाखालची इजा

धातूच्या वस्तूला झालेली इजा बहुधा पृष्ठभागावरच कळते: पत्र्याला पोचा पडतो, दांडी वाकते, तडा एका जागी सुरू होतो आणि वाढत गेला तरी त्याची लांबी मोजता येते. तंतूंनी बळकट केलेल्या संमिश्र पदार्थांत मात्र इजा एकाच वेळी अनेक जागी, अनेक रूपांत आणि बहुतेकदा आतल्या थरांत घडत असते, आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहू शकतो. बोइंग ७८७ या प्रवासी विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा वाटा अशा पदार्थांचा आहे, भारतीय बनावटीच्या तेजस लढाऊ विमानात तो सुमारे ४५ टक्के आहे, पवनचक्क्यांची पाती जवळपास सर्वत्र याच पदार्थांची असतात आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा घेणाऱ्या ‘फायबर’च्या होड्याही याच कुळातल्या आहेत, त्यामुळे हे पदार्थ कसे आणि का बिघडतात हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

या पदार्थांत दोन घटक असतात. काच, कार्बन किंवा केव्हलरसारख्या द्रव्याचे अतिशय बारीक तंतू भार पेलतात आणि इपॉक्सी, पॉलिएस्टर यांसारखी कृत्रिम राळ, म्हणजे रेझिन, त्या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. कार्बनचा तंतू ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका. असे हजारो तंतू एका दिशेने मांडून, राळेत भिजवून, मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा पातळ थर तयार केला जातो आणि असे अनेक थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केले जातात. तयार पदार्थात आकारमानाने साठ टक्क्यांच्या आसपास तंतू आणि उरलेली राळ असते.

तंतू इतके बारीक का करायचे, याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्रात काम करताना, १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले. काचेचा दांडा जसजसा ओढून बारीक करावा तसतशी त्याची ताण सहन करण्याची क्षमता वाढते, कारण पदार्थ तुटतो तो त्यातल्या सूक्ष्म दोषांपासून, आणि बारीक धाग्यात मोठा दोष मावतच नाही, असे त्याच्या प्रयोगांतून दिसले. पुढे १९६० च्या दशकात याच फार्नबरोत बळकट कार्बनतंतू बनवण्याची एक महत्त्वाची पद्धत विकसित झाली. मात्र तंतूचे हे बळ त्याच्या लांबीच्या दिशेनेच असते. एका दिशेने तंतू मांडलेला कार्बनचा थर त्या दिशेने दीड-दोन हजार मेगापास्कलचा ताण सहन करतो, पण तोच थर आडवा ओढला तर पन्नास-साठ मेगापास्कललाच फाटतो, कारण आडव्या दिशेने भार घेण्यासाठी राळेखेरीज काहीच नसते. कळकाची काठी ओढून तोडणे जवळपास अशक्य असते आणि कोयत्याने उभी चिरणे मात्र पोराचाही खेळ असतो, तसाच हा प्रकार. म्हणून थर निरनिराळ्या दिशांनी रचतात. परंतु दोन थरांच्या मधल्या फटीत, म्हणजे जाडीच्या दिशेने, एकही तंतू जात नाही, तिथे राळेचा पातळ पापुद्राच सारी जबाबदारी घेतो. या पदार्थांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

भार वाढू लागला की पहिली इजा राळेला होते. ओढण्याच्या दिशेशी काटकोनात तंतू असलेल्या थरांत राळेला बारीक, समांतर तडे जातात, आणि त्यांची संख्या वाढत वाढत एका विशिष्ट दाटीला पोचली की थांबते. एवढ्याने वस्तू तुटत नाही, तिचा ताठरपणा थोडा कमी होतो इतकेच. पण या तड्यांतून पाणी आत शिरायला वाट मिळते, आणि तड्याचे टोक जिथे शेजारच्या थराला भिडते तिथून थर सुटायला सुरुवात होते. त्याच सुमारास काही ठिकाणी तंतू आणि राळ यांची पकड सुटते. ही पकड घट्ट असावी म्हणून काचतंतूंवर सिलेन नावाच्या रसायनाचा लेप देतात, तथापि ती जितकी घट्ट तितकी चांगली असे समजणे चुकीचे ठरते: अति घट्ट जोडणीत राळेतला तडा सरळ तंतू कापत पुढे जातो, तर थोड्या सैल जोडणीत तो तंतूच्या कडेने वळतो आणि त्याचा जोर तिथेच खर्ची पडतो. काच आणि राळ हे दोन्ही ठिसूळ पदार्थ एकत्र आल्यावर चिवट का होतात, याचे बरेचसे स्पष्टीकरण या वळणात आहे.

तंतूही तुटतातच, आणि ते एकदम न तुटता आधी दुबळे, मग त्याहून बळकट, असे क्रमाने तुटतात. एखादा तंतू तुटला तरी तो सर्वस्वी निकामी होत नाही. राळ त्याचा भार शेजारच्या तंतूंकडे वळवते आणि तुटलेल्या टोकापासून थोड्याच अंतरावर तो तंतू पुन्हा भार घेऊ लागतो. म्हणूनच हजारो तंतू विखुरलेल्या जागी तुटूनही वस्तू उभी राहते. तुटलेल्या तंतूंचा एखादा झुबका एकाच जागी जमला, म्हणजे भोवतालच्या तंतूंवर अतिरिक्त भार पडून ती तूट साखळीसारखी पसरते आणि शेवट क्षणार्धात होतो.

दाबाखालची कथा आणखी नाजूक आहे. ओढताना तंतू आपोआप सरळ होतो, दाबताना मात्र तो वाकू पाहतो आणि त्याला वाकू न देण्याचे काम राळेचे असते. एखाद्या ठिकाणी तंतू मुळातच अंशभर तिरका असेल, तर दाबाखाली तिथली राळ सरकते, तंतू अधिक तिरके होतात आणि अखेरीस त्यांचा एक अरुंद पट्टा मुडपून मोडतो. कार्बनतंतूंच्या पदार्थांची दाब सहन करण्याची क्षमता ताण सहन करण्याच्या क्षमतेहून सहसा कमी भरते ती यामुळे, आणि बनवताना राहिलेली थोडीशी सुरकुती दाबाखाली इतकी महागात पडते तीही यामुळेच.

तथापि अभियंत्यांची झोप उडवणारी इजा म्हणजे थर एकमेकांपासून सुटणे. कापलेल्या कडा, भोके, जाडी बदलणाऱ्या जागा आणि वळणे येथे थरांना विलग करू पाहणारे बल निर्माण होते, कारण वेगवेगळ्या दिशांनी रचलेले शेजारी थर ताणाखाली वेगवेगळ्या प्रमाणात आकसू पाहतात. पण सर्वांत सामान्य कारण म्हणजे आघात: दुरुस्ती करताना हातातून पडलेले हत्यार, धावपट्टीवरून उडालेला खडा, गारा, सामान चढवणाऱ्या वाहनाचा धक्का. असा आघात झाला की पृष्ठभागाखाली थरांगणिक शेंगेच्या आकाराची विलगता निर्माण होते, प्रत्येक शेंग तिच्या खालच्या थरातील तंतूंच्या दिशेने लांबट असते, आणि जसजसे खोल जावे तसतसा इजेचा पसारा वाढत जातो. वर मात्र जेमतेम दिसणारी खूण, तीही कालांतराने राळ शिथिल झाल्यामुळे अधिकच पुसट होणारी. असा भाग ओढला तर फारसा फरक पडत नाही. दाबला तर मात्र सुटलेले पातळ थर सुटेसुटे फुगतात आणि त्याची दाब सहन करण्याची क्षमता निम्म्याहून खाली येऊ शकते. विमानाच्या भागांची जाडी अनेकदा नेहमीच्या भारावरून न ठरता अशा न दिसणाऱ्या इजेनंतरच्या क्षमतेवरून ठरते, आणि हलक्या पदार्थाने मिळवलेल्या फायद्याचा काही हिस्सा अशा रीतीने परत द्यावा लागतो.

आघाताची ही किंमत उद्योगाला फार लवकर मोजावी लागली. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी२११ या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बनतंतूंची, ‘हायफिल’ या नावाची, करण्याचे ठरवले होते. वजनाची बचत मोठी होती. परंतु मे १९७० मध्ये उडत्या पक्ष्याची धडक तपासणाऱ्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, त्याची कारणे अनेक असली तरी या इंजिनाचा वाढलेला खर्च हे मुख्य होते. संमिश्र पदार्थांची पंख्याची पाती प्रवासी विमानांत रुळायला जीई९० इंजिनाची, म्हणजे १९९५ ची, वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही आघात झेलणारी पुढची धार टायटॅनियमचीच ठेवण्यात आली.

येथवरच्या इजा वापरातल्या आहेत. पुष्कळ वेळा मात्र बीज कारखान्यातच पेरलेले असते, कारण धातूचा पत्रा तयार होऊन येतो आणि मग त्याची वस्तू घडते, संमिश्र पदार्थात मात्र पदार्थ आणि वस्तू एकाच वेळी जन्माला येतात. राळेत अडकलेल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्या आकारमानाच्या एक टक्का वाढल्या, तर थरांमधील जोड सरकवणाऱ्या बलापुढे सुमारे सात टक्क्यांनी दुबळा होतो, असे अनेक प्रयोगांच्या आढाव्यातून दिसले आहे. राळ सर्वत्र न पोचल्याने कोरडे राहिलेले तंतू, अर्धवट पक्व झालेली राळ, थरांतल्या सुरकुत्या, इतकेच काय, चुकून थरांमध्ये राहून गेलेला संरक्षक कागदाचा तुकडा, हे सारे नंतरच्या बिघाडाचे आरंभबिंदू ठरतात. सगळे काटेकोर केले तरी एक ताण उरतोच: विमानासाठीची इपॉक्सी सुमारे १८० अंश सेल्सिअसला पक्व करतात, आणि थंड होताना राळ बरीच आकसते तर कार्बनतंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही, त्यामुळे भार पडण्यापूर्वीच राळ ताणलेल्या अवस्थेत असते.

पवनचक्क्यांच्या वाढत्या पात्यांनी हा प्रश्न सर्वांसमोर आणला. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळील समुद्रातल्या पवनचक्कीचे १०७ मीटर लांबीचे पाते मोडले आणि त्याचे तुकडे किनाऱ्यावर वाहत आले. पाते बनवताना राहून गेलेली अपुरी चिकटजोडणी हे कारण निर्मात्या कंपनीनेच सांगितले आणि कारखान्यातील तपासणीत ते सापडायला हवे होते हेही मान्य केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीला अमेरिकेत बसवलेल्या काही पात्यांना तडे आढळल्यानंतर २००८ मध्ये १,२५१ पाती मजबूत करून देण्याची मोहीम जाहीर करावी लागली होती. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर फिरणारी पाती असोत की समुद्रातली, त्यांच्या वाट्याला वीसेक वर्षांत कोटींच्या घरात भारचक्रे येतात. कार्बनतंतूंचे पदार्थ असा थकवा उत्तम सोसतात. काचतंतूंचे बळ मात्र चक्रांची संख्या दहापट झाली की मूळच्या साधारण दहा टक्क्यांनी घटते. त्यातच मोठ्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या पुढे असल्याने पावसाचे थेंबही पात्याची धार कुरतडत राहतात.

कारखान्यातले बीज आणि वापरातला आघात एकमेकांत मिसळले की काय होते, याचे अलीकडचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण ‘टायटन’ या पाणबुडीवाहनाचे आहे. टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला निघालेले हे वाहन १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात खोल पाण्याच्या दाबाने आत चेपले आणि त्यातील पाचही जणांचा मृत्यू झाला. त्याचे नळकांडे सुमारे पाच इंच जाडीच्या कार्बनतंतूंच्या संमिश्र पदार्थाचे होते आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट होते. ३,३०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे ३३० पट असतो, म्हणजे हा पदार्थ ताणापेक्षा ज्यापुढे दुबळा, त्याच दाबाच्या कामाला तो लावला गेला होता. पहिल्या नळकांड्याला तडा गेल्याने दुसरे बनवले गेले, तेही एकेक इंच जाडीचे पाच स्तर एकामागून एक पक्व करून. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने त्याच्या नमुन्यांत सुरकुत्या, सच्छिद्रता आणि पोकळ्या नोंदवल्या.

त्या वाहनावर आवाज आणि विकृती टिपणारे संवेदक बसवलेले होते, आणि पदार्थ धोक्यात आला तर तो आधी कळवेल अशी त्यांच्यावर भिस्त होती. कल्पना अगदीच निराधार नव्हती. तंतू तुटताना, राळ तडकताना सूक्ष्म आवाज होतात, आणि योझेफ कायझर या जर्मन संशोधकाने १९५० मध्ये दाखवल्याप्रमाणे एकदा भार देऊन काढलेला पदार्थ पुन्हा तितकाच भार येईपर्यंत सहसा गप्प राहतो. आधीच्या भाराच्या आतच तो बोलू लागला, तर इजा वाढत आहे असे समजावे. १५ जुलै २०२२ रोजी ऐंशीव्या डुबकीनंतर वाहन वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतरच्या नोंदींत संवेदकांचे वागणे बदललेले दिसले. तपासानुसार तेव्हा थर सुटले होते. वाहनाचा वापर त्यानंतरही चालू राहिला, ते पुढचा हिवाळा उघड्यावर ठेवले गेले, आणि अखेर सुटलेल्या थरांमुळे दुबळे झालेले नळकांडे दाबाखाली फुगून कोसळले. पदार्थाने कळवले होते, ऐकणाऱ्यांकडे ते वाचण्याची शिस्त नव्हती. या अपघाताचा दोष कार्बनतंतूंवर टाकणे म्हणून सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए३०० विमान कोसळून २६५ जणांचा मृत्यू झाला. त्याची शेपटीवरची उभी, संमिश्र पदार्थाची पडदी बुडाशी तुटून पडली होती, आणि साहजिकच संशय पदार्थावर गेला. तपासात मात्र दिसले, की पायाने चालवायच्या सुकाणूचा अनावश्यक आणि आलटून-पालटून झालेला जोरकस वापर पडदीवर तिच्या रचनेसाठी गृहीत धरलेल्या परमभारापेक्षाही (नेहमीच्या कमाल भाराहून सुरक्षेसाठी वाढवून धरलेल्या भारापेक्षाही) अधिक भार आणून गेला होता. पदार्थ अपेक्षेप्रमाणेच वागला होता.

हवामानाचे परिणाम यामानाने संथ असतात. इपॉक्सी वजनाच्या काही टक्क्यांपर्यंत पाणी शोषते, त्यामुळे ती फुगते आणि ज्या तापमानाला मऊ पडायची त्याहून कमी तापमानाला मऊ पडू लागते. पॉलिएस्टरच्या होडीत वरच्या लेपातून झिरपलेले पाणी आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळले, की तळाला आंबट वासाचा द्रव भरलेले फोड येतात. उन्हातली अतिनील किरणे राळेची वरची पातळी खडूसारखी भुकटी करतात. कार्बन विजेचा वाहक असल्याने तो खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला भिडला तर ॲल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये काचतंतूंचा थर घालतात किंवा टायटॅनियमचे खिळे वापरतात. पण वीज पडल्यावरचा प्रचंड प्रवाह वाहून नेण्याइतका हा वाहक चांगला नाही, आणि म्हणून विमानांच्या बाह्यांगात तांब्याची बारीक जाळी बसवावी लागते.

एवढे सगळे आत चालत असताना ते शोधायचे कसे, हा व्यवहारातला खरा पेच आहे. नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करून आवाज ऐकणे ही सर्वांत जुनी पद्धत आजही चालते; थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. त्यापुढे श्राव्यातीत ध्वनिलहरी, उष्णतेची चित्रे, क्ष-किरणांचे छेदचित्रण. पण ठरलेली तपासणी नेहमीच पुरते असे नाही. ६ मार्च २००५ रोजी क्युबाहून निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एअरबस ए३१० विमानाचे सुकाणू आकाशात जवळजवळ पूर्ण गळून पडले आणि तरीही विमान सुखरूप परतले. पातळ कातड्यांमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या त्या भागात आतली जोडणी किंवा गाभा आधीच सुटला असावा, आणि त्या काळची ठरलेली तपासणी ते पकडायला पुरेशी नव्हती, असा कॅनडाच्या तपासाचा रोख होता. अमेरिकी विमाननियामकांनी त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांत इजेचे पाच वर्ग केले: न दिसणारी किंवा चालण्याजोगी इजा घेऊनही भागाने परमभार पेलावा, ठरलेल्या तपासणीत सापडणारी इजा सापडेपर्यंत त्याने नेहमीचा कमाल भार पेलावा, अशा चढत्या क्रमाने, पाचव्या वर्गात वाहनाच्या जबर धडकेसारखे, रचनेत गृहीतच न धरलेले प्रसंग येतात, आणि तिथे सारा आधार धक्का देणाऱ्याने ते प्रामाणिकपणे कळवण्यावर असतो. जुन्या पिढीच्या रचनाकारांना या पदार्थाला ‘काळे ॲल्युमिनियम’ समजून वागवण्याची सवय होती. ती सवय कागदावर सुटली असली तरी विमानतळावर आणि कारखान्यात पूर्णपणे सुटलेली नाही.

दुरुस्तीतही हीच अडचण आडवी येते. इजा झालेला भाग उथळ उताराने खरवडून, त्या उतारावर नवे थर चिकटवून पक्व केले, तर मूळ बळ जवळपास परत मिळते. पण पृष्ठभागावर बोटांचा तेलकटपणा किंवा ओल राहिली, तर दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या असतात आणि धरून मात्र नसतात, आणि अशी जोडणी ध्वनिलहरींना निरोगी जोडणीसारखीच दिसते. जोडणीचे बळ ती न तोडता मोजण्याची खात्रीशीर पद्धत अजून हाती नाही. म्हणून विमानाच्या महत्त्वाच्या भागावर चिकटवलेले ठिगळ एवढेच मोठे ठेवू देतात, की ते उद्या पूर्ण सुटले तरी उरलेला भाग नेहमीचा कमाल भार पेलू शकेल.